पहिली गुंतवणूक सोसायटीची

मुंबईत पुनर्विकासाला निघालेल्या कुठल्याही सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो: कार्पेट किती वाढवून मिळणार? दुसरा कॉर्पसचा, म्हणजे हातात मिळणाऱ्या एकरकमी पैशाचा, तिसरा भाड्याचा. तीन-चार विकासकांचे देकार पडद्यावर शेजारी शेजारी मांडले जातात, पीएमसी म्हणून नेमलेला सल्लागार आकडे वाचून दाखवतो, आणि सभेचा कल मोठ्या आकड्याकडे झुकतो. ज्या घरात तीस-चाळीस वर्षं काढली ते पाडायचं, तर बदल्यात जास्तीत जास्त मिळावं, ही इच्छा रास्तच आहे. पण त्या सभेत एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. या प्रकल्पात पैसा कुणाकुणाचा लागणार, तो कोणत्या क्रमानं आत येणार आणि कोणत्या क्रमानं बाहेर पडणार?

पुनर्विकासाच्या व्यवहारात सर्वांत मोठा गुंतवणूकदार सोसायटी असते, असं माझं ठाम मत आहे. ती सर्वांत आधी गुंतवते, गुंतवलेलं मधेच काढून घेऊ शकत नाही, आणि करार मात्र असा करते की परतफेडीच्या रांगेत तिचा नंबर शेवटचा लागावा. विकासकाला कर्ज देणारी वित्तसंस्था त्याच प्रकल्पात नंतर येते, कमी गुंतवते, आणि तरीही पहिल्या नंबरावर उभी राहते. केवळ तिला कायद्यानं काही खास स्थान दिलेलं असतं म्हणून हे घडतं असं नाही. तिच्या वकिलांनी करार लिहिताना विचारलेले प्रश्न सोसायटीच्या वकिलांनी विचारलेले नसतात, हे त्याचं मुख्य कारण आहे.

आधी जमिनीचं बोलू. रिझर्व्ह बँकेच्या गृहकर्जविषयक नियमांनुसार खासगी बिल्डरला जमीन घेण्यासाठी बँका कर्ज देऊ शकत नाहीत; ती जमीन घरबांधणीच्या प्रकल्पाचा भाग असली तरीही नाही. बँकेचा पैसा बांधकामाला मिळतो, जमिनीला मिळत नाही. त्यामुळे मोकळा भूखंड विकत घेऊन इमारत उभारायची तर विकासकाला जमिनीची रक्कम स्वतःच्या खिशातून, भागीदाराकडून, खासगी गुंतवणूक निधीकडून किंवा बिगर-बँक वित्तसंस्थेकडून उभी करावी लागते. हा पैसा महाग असतो. वर्षाला पंधरा टक्क्यांच्या वरचं व्याज या टप्प्यावर नवलाचं नाही. मुंबईसारख्या शहरात, जिथे घराच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा जमिनीचा असतो, तिथे हा अडथळा डोंगराएवढा आहे.

पुनर्विकासात हा डोंगर विकासकापुढे उभाच राहत नाही. जमीन सोसायटी देते. तिची किंमत रोख मागत नाही, त्यावर व्याज मागत नाही, तीन-चार वर्षांनी नव्या घराच्या रूपानं मोबदला घेते. म्हणजे देशातल्या कुठल्याही बँकेला जे कर्ज द्यायची परवानगी नाही, तेच कर्ज सोसायटीतली कुटुंबं मिळून बिनव्याजी देतात. गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्याही लहान सोसायट्यांच्या दारात येऊ लागल्या आहेत, त्यामागचं एक मोठं कारण हेच. जमिनीत भांडवल अडकवायचं नाही, तरी पश्चिम उपनगरात वा दादर-माटुंग्यात विक्रीसाठी घरं मिळतात. यात गैर काही नाही. व्यवहार आहे, आणि दोन्ही बाजूंना त्याचा फायदा होऊ शकतो. पण जो बिनव्याजी भांडवल देतो त्यानं ते कसं परत येईल याची निदान बँकेइतकी तरी चौकशी करायला हवी.

विकासकाचा पैसा कुठे लागतो? इमारत रिकामी व्हायच्या आधीपासून वास्तुविशारद, सल्लागार, मंजुऱ्या यांचा खर्च सुरू होतो. मग आयओडी, म्हणजे महापालिकेची सशर्त प्राथमिक मंजुरी, मग महापालिकेला भरायचं अधिमूल्य, फंजिबल म्हणजे वाढीव चटईक्षेत्राचे पैसे, बाजारातून घ्यावा लागणारा टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. सभासद बाहेर पडले की भाडं, सोबत हातात द्यायची रक्कम. हा सगळा खर्च सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याचा दाखला, मिळायच्या आधी किंवा त्याच सुमाराला होतो, आणि नेमक्या याच टप्प्यावर बँका हात आखडता घेतात. त्यांचं बांधकाम-कर्ज सीसी आणि महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा नियामकाकडे नोंदणी झाल्यावर, कामाच्या प्रगतीप्रमाणे सुटतं. मधली दरी विकासक स्वतःच्या पैशानं किंवा महागड्या कर्जानं भरतो. बहुतेक रखडलेले प्रकल्प आठवून पाहा: इमारत पाडलेली आहे, पाया कुठे अर्धवट आहे, कुठे तोही नाही, आणि भाडं थांबलेलं आहे. पैसा संपला तो त्या दरीत संपला. वीट-सिमेंटचा खर्च तोवर सुरूही झालेला नसतो.

आता सभेत जिंकणाऱ्या मोठ्या देकाराकडे जरा आकड्यांतून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण प्रमाणं उपनगरातल्या मध्यम सोसायटीला जवळची आहेत. अठ्ठेचाळीस सभासद. नव्या इमारतीत विक्रीसाठी ३०,००० चौरस फूट कार्पेट उरतं, भाव चौरस फुटाला ३५,००० रुपये, म्हणजे विक्रीतून १०५ कोटी. खर्चाची बाजू: सभासदांच्या आणि विक्रीच्या घरांचं मिळून बांधकाम ३६ कोटी, अधिमूल्य आणि टीडीआर १५ कोटी, दरमहा पन्नास हजारांप्रमाणे तीन वर्षांचं भाडं ८.६४ कोटी, घरटी दहा लाख कॉर्पसचे ४.८ कोटी, व्याज ८ कोटी, बाकी सगळं मिळून ५ कोटी. बेरीज सुमारे ७७.५ कोटी. शिल्लक साडेसत्तावीस कोटी.

आता दुसरा विकासक येतो आणि प्रत्येक सभासदाला आणखी साठ चौरस फूट आणि पाच लाख रुपये देऊ करतो. सभा त्याला टाळ्या देते. ते ज्यादा २,८८० चौरस फूट विक्रीतून कमी झाले, म्हणजे दहा कोटींवर पाणी. कॉर्पसचे आणखी २.४ कोटी. शिल्लक उरली पंधरा कोटींच्या आसपास. तोवरही ठीक आहे. पण प्रकल्प दोन वर्षं लांबला तर? दर वर्षी भाड्याचे २.८८ कोटी जास्त, आणि वीस कोटींचं कर्ज पंधरा टक्क्यांनी थकलेलं असेल तर व्याजाचे तीन कोटी. दोन वर्षांचे पावणेबारा कोटी. त्यात घरांचा भाव नुसता पाच टक्के उतरला तर आणखी पावणेपाच कोटी गेले. आता हिशेब उणे आहे. पहिल्या, कमी देणाऱ्या विकासकाकडे हीच दोन वर्षं आणि हीच घसरण झाली असती तर त्याच्या हातात दहा कोटींवर रक्कम उरली असती. त्याला इमारत पूर्ण करण्यात रस उरला असता. दुसऱ्याला तो उरत नाही. काम पुढे रेटणं म्हणजे त्याच्यासाठी तोटा वाढवणं असतं, आणि कुठलीही कंपनी मग आपला उरलेला पैसा जिथे नफा आहे अशा प्रकल्पाकडे वळवते.

दोन वर्षांचा विलंब मुंबईत अपवाद नाही आणि पाच टक्क्यांची घसरण ही काही मंदी नव्हे. म्हणून मला सर्वांत मोठ्या देकाराची भीती वाटते. तो देणारा माणूस लबाड असेलच असं नाही. बहुधा तो आशावादी असतो. पण त्याच्या आशेची जोखीम सभासदांच्या जमिनीवर उभी असते. सोसायटीनं देकारासोबत प्रकल्पाचा असा ताळेबंद मागायला हवा आणि तो स्वतंत्र माणसाकडून तपासून घ्यायला हवा. दोन वर्षं उशीर आणि दहा टक्के भाव कमी धरूनही ज्याचा हिशेब उभा राहत नाही, त्याला क्षेत्र कितीही देऊ दे, बाद करायला हवं.

हिशेब बिघडला की करारातली प्रत्येक ओळ खरी होऊ लागते. याचा सर्वांत कठोर धडा गोरेगावच्या सिद्धार्थनगरातला, म्हणजे पत्राचाळीचा आहे. ६७२ भाडेकरू कुटुंबं. जागा म्हाडाची. २००८ साली सोसायटी, म्हाडा आणि गुरुआशिष कन्स्ट्रक्शन ही विकासक कंपनी यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. कुटुंबं बाहेर पडली. त्यांच्या इमारती वेळेत उभ्या राहिल्या नाहीत, पुढे भाडंही थांबलं. त्या प्रकरणातल्या गैरव्यवहाराच्या आरोपांचा तपास झाला, त्यावर राजकारणही भरपूर झालं, आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दिवाळखोरीची बाजू, कारण ती घडायला कुणी गैरव्यवहार करण्याची गरज नसते.

२०१७ मध्ये युनियन बँक ऑफ इंडियानं थकलेल्या कर्जासाठी त्या विकासक कंपनीला दिवाळखोरी संहितेखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात नेलं. अर्ज दाखल करून घेतला गेला आणि कायद्याप्रमाणे स्थगिती लागू झाली. जानेवारी २०१८ मध्ये म्हाडानं करार रद्द करण्याची नोटीस देऊन जागा परत मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयानं सांगितलं की स्थगितीच्या काळात म्हाडाला ती जागा परत घेता येणार नाही. संहितेच्या कलम १४ नुसार कर्जबाजारी कंपनीच्या प्रत्यक्ष वहिवाटीत असलेली मालमत्ता मालकालाही काढून घेता येत नाही. जमिनीची मालकी म्हाडाची होती, यावर कुणाचा वाद नव्हता. तरी प्रश्न मालकीचा राहिलाच नाही, जागेवर प्रत्यक्ष कोण आहे याचा झाला. विकासकाला करारानं जागेत शिरून बांधकाम करायचा परवानाच दिलेला होता. न्यायालयानं प्रत्यक्ष वहिवाट पाहिली. त्यामुळे करारात ‘ताबा’ हा शब्द टाळला आणि ‘परवाना’ लिहिला की आपण सुरक्षित, असं सांगणाऱ्या सल्लागारावर विसंबून चालणार नाही.

आता यात कोण कुठे होतं ते पाहा. बँकेकडे करार होता, तारण होतं, दावा करायला मंच होता. म्हाडा ही राज्य सरकारची संस्था. तिच्याकडे वकिलांची फौज होती, आणि तिलाही वाट पाहावी लागली. ६७२ कुटुंबांच्या हातात मात्र थकलेल्या भाड्याचा हिशेब होता. शेवटी सरकारनं म्हाडाकडून काम पूर्ण करून घ्यायचं ठरवलं. ज्या खासगी सोसायटीच्या मागे म्हाडा नसते, तिच्यासाठी सरकार धावून येईल असं गृहीत धरता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या या निकालातून सोसायट्यांनी काय घ्यावं? करार रद्द करण्याचा हक्क दिवाळखोरीच्या आधी वापरता आला पाहिजे, एवढं तरी निश्चित घ्यावं. आज बहुतेक विकास करारांत रद्द करण्याचं कलम असतं, पण ते इतक्या नोटिसा, मुदतवाढी आणि लवादाच्या पायऱ्यांमागे लपलेलं असतं की ते वापरेपर्यंत वर्षं जातात. तोवर एखाद्या धनकोनं न्यायाधिकरणाचं दार ठोठावलेलं असतं. लागोपाठ दोन महिने भाडं चुकलं, ठरलेल्या टप्प्यावर काम नव्वद दिवस मागे पडलं, किंवा कर्ज देणाऱ्यानं विकासकाला थकबाकीची नोटीस दिली, की सोसायटीचा हक्क आपोआप जागा व्हायला हवा, आणि त्या नोटिसांची प्रत सोसायटीला देणं विकासकावर बंधनकारक हवं. वित्तसंस्थेच्या कर्ज-करारात अशी कलमं असतातच.

माझं सांगणं असं की सोसायटीच्या वकिलानं विकास कराराचा नमुना हाती घेण्याआधी एखादा बांधकाम-कर्जाचा करार वाचावा. कर्ज देणारा एक रुपयाही सोडण्याआधी अटींची यादी पूर्ण करून घेतो: मंजुऱ्या, मालकी हक्काचा वकिली अहवाल, विकासकाचा स्वतःचा हिस्सा आधी जमा. तारण कर्जाच्या दीडपट-दुप्पट मागतो. सगळी विक्री एका खात्यातून जावी, त्या खात्यातून कुणाला आधी आणि कुणाला नंतर पैसे जावेत याचा क्रम लिहून घेतो. काही महिन्यांच्या व्याजाची रक्कम बाजूला ठेवून घेतो. संचालकांची वैयक्तिक हमी घेतो. विकासक डगमगला तर त्याच्या जागी दुसरा आणण्याचा हक्क राखतो. आणि सोसायटी? ती नोंदणीकृत करार, सर्वाधिकारपत्र आणि रिकाम्या इमारतीच्या चाव्या एका दिवसात देऊन मोकळी होते.

यातलं सगळंच सोसायटीला मिळेल असं नाही, पण बरंच मिळू शकतं. चाव्या देण्यासाठी अटी लावता येतात: संपूर्ण इमारतीची आयओडी हातात, चोवीस महिन्यांचं भाडं आधीच एका स्वतंत्र खात्यात जमा, अधिमूल्याचा पहिला हप्ता भरलेला, आणि पुढच्या पैशाची सोय कुठून होणार याचं वित्तसंस्थेचं पत्र. विक्रीच्या घरांचा हक्क एकदम न देता टप्प्याटप्प्यानं सोडता येतो. जोता झाल्यावर काही घरं, सभासदांच्या मजल्यांचे स्लॅब झाल्यावर आणखी, आणि शेवटची काही ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, येईपर्यंत सोसायटीच्या हातात. वित्तसंस्थेनं तारण घ्यावं ते फक्त विक्रीच्या घरांवर आणि त्यांच्या येणाऱ्या पैशांवर. जमीन आणि सभासदांची घरं त्यातून बाहेर. हे नुसतं विकास करारात लिहून भागत नाही, कर्ज देणाऱ्याकडून तसं लेखी घ्यावं लागतं. त्याच्या खात्यातल्या पैशांच्या क्रमात सभासदांचं भाडं बांधकामाच्या आधी आणि व्याजाच्याही आधी बसवावं लागतं. शहाणा कर्जदाता याला नाही म्हणत नाही. भाडं थांबलं की सभासद कोर्टात जातात आणि त्याचंही तारण अडकतं, हे त्याला ठाऊक असतं.

एक गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. प्रत्येक प्रकल्पासाठी विकासकानं वेगळी कंपनी काढावी, म्हणजे त्याच्या दुसऱ्या प्रकल्पाचं कर्ज इथे अंगावर येणार नाही, असं आता अनेक सल्लागार सांगतात. ते खरं आहे, पण अर्धंच. नव्या कंपनीकडे या कराराखेरीज दुसरं काहीच नसतं. ती बुडाली तर वसुली कुणाकडून करणार? वेगळी कंपनी हवीच, पण तिच्या मागे मूळ कंपनीची लेखी हमीही हवी. एक घ्यायचं आणि दुसरं सोडायचं, यात सोसायटीचंच नुकसान आहे.

आता बँक हमीविषयी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली शासनानं ३ जानेवारी २००९ रोजी आणि नंतर ४ जुलै २०१९ रोजी पुनर्विकासाबाबत निर्देश काढले. सभा कशी घ्यावी, उपनिबंधकांचा प्रतिनिधी असावा, चित्रीकरण करावं, अशा बाबींबरोबर त्यांत प्रकल्प-खर्चाच्या वीस टक्के बँक हमीही आहे. मी तिला त्या निर्देशांतली सर्वांत मोलाची ओळ मानतो, आणि व्यवहारात सर्वांत जास्त सोडून दिली जाणारीही तीच आहे. न्यायालयांनी हे निर्देश अनेकदा मार्गदर्शक मानले, काटेकोर बंधनकारक मानले नाहीत. विकासक सांगतो की हमी देणारी बँक तेवढीच रक्कम ठेव म्हणून मागते आणि माझं खेळतं भांडवल अडकतं. त्याचं म्हणणं खोटं नाही. मग सोसायटी हमी सोडते आणि बदल्यात काही घरांवर ‘बोजा’ लिहून घेते. पण न बांधलेल्या घरावरचा बोजा म्हणजे प्रकल्प पूर्ण झाला तरच किंमत असलेलं तारण; प्रकल्प थांबला की त्याची किंमत शून्य. जिथे गरज आहे तिथेच ते निकामी ठरतं. यापेक्षा हमीची रक्कम टप्प्यांनुसार उतरत जाईल अशी ठेवावी. पाडकामापासून जोत्यापर्यंत पूर्ण, पुढे प्रत्येक टप्प्यावर कमी. खरा धोका त्या सुरुवातीच्या दरीतच असतो, आणि तिथे पूर्ण संरक्षण मिळालं तर पुढचं सोडायला हरकत नाही.

रेरा आला, आता कसली काळजी, असंही ऐकू येतं. २०१६ च्या कायद्यानं घर खरेदीदाराच्या पैशापैकी सत्तर टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवणं सक्तीचं केलं, आणि ती कामाच्या प्रमाणात, अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांच्या दाखल्यावरच काढता येते. महारेरानं १ जुलै २०२४ पासून तीन खात्यांची पद्धत लावून हे आणखी घट्ट केलं. काम चांगलंच झालं. पण या सगळ्याचा केंद्रबिंदू खरेदीदार आहे. त्याचा पैसा यायला लागतो तो प्रकल्प नोंदल्यावर. मूळ सभासदाची जमीन त्याआधीच गेलेली असते, आणि त्याच्या भाड्याला या खात्यांत राखीव, पहिल्या क्रमांकाची जागा कुणी दिलेली नाही. उलट सोसायटीनं विकासकाला काढून टाकलं तर त्याच्याकडून घर घेतलेला खरेदीदारही उघड्यावर पडू शकतो. मुंबई उच्च न्यायालयानं एकाहून अधिक प्रकरणांत म्हटलं आहे की त्याचा हक्क विकासकाच्या हक्कातून येतो आणि तो सोसायटीच्या आड येत नाही. म्हणजे कराराची मांडणी कच्ची असली तर दोन्हीकडची मध्यमवर्गीय कुटुंबं एकमेकांसमोर उभी राहतात.

बाहेरचं वादळ कधी येईल हेही कुणाच्या हातात नसतं. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या बड्या वित्तसंस्थेनं हप्ते चुकवले आणि बिगर-बँक वित्तसंस्थांचा पैसा आटला. २०१९ मध्ये डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी कोसळली. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं तिचं संचालक मंडळ बरखास्त केलं. ज्या विकासकांची सुरुवातीची दरी या संस्थांच्या कर्जानं भरली होती, त्यांचे प्रकल्प सोसायटीनं काहीही चूक केलेली नसताना थांबले. केंद्रानं त्याच महिन्यात रखडलेल्या घरांसाठी २५,००० कोटींचा स्वामीह निधी जाहीर केला. त्यातून पूर्ण झालेला पहिला प्रकल्प आपल्या बोरिवलीचा होता. पण तो निधी शेवटच्या टप्प्यासाठी आहे. जो प्रकल्प पाडकामाच्या ढिगाऱ्यावर थांबला आहे, त्याच्यापर्यंत असा निधी सहसा पोचत नाही.

इतक्या अटी घातल्या तर कुणी विकासक येणारच नाही, असा आक्षेप मी सभांमध्ये वारंवार ऐकतो. त्याचं उत्तर टाळायला नको. सुरक्षिततेला किंमत असते. बँक हमीचा, भाड्याच्या आगाऊ ठेवीचा, उशिरा सुटणाऱ्या विक्रीच्या घरांचा खर्च कुणालातरी सोसावाच लागतो, आणि शेवटी तो देकारातूनच येणार. म्हणून सभासदांनी क्षेत्र थोडं कमी घ्यायला तयार असलं पाहिजे. माझ्या वरच्या उदाहरणात साठ चौरस फुटांवर भांडण होतं. त्यातले तीस सोडून बाकी घर निश्चित मिळत असेल, तर सत्तरी ओलांडलेल्या सभासदासाठी तो सौदा उत्तम आहे. त्याच्याकडे भाड्याच्या घरात घालवायला दहा वर्षं नाहीत. ज्यांची मुलं तरुण आहेत, परदेशी आहेत, ज्यांना हे घर गुंतवणूक म्हणून ठेवायचं आहे, ते जोखीम घेऊ शकतात. सभेत आवाज बहुधा त्यांचाच मोठा असतो, आणि हे मला मनापासून खटकतं. एकाच इमारतीत जोखीम पेलण्याची ताकद सगळ्यांची सारखी नसते; करार मात्र सगळ्यांना एकाच जोखमीत बांधतो.

मग बिल्डर हवाच कशाला? मुंबईतल्या सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात बिल्डरविना झाली. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकारातून १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी बँक उभी राहिली, आणि १९१५ मध्ये गावदेवीची सारस्वत गृहनिर्माण संस्था. आधी पतपुरवठ्याची सोय, मग घरं, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आजचा स्वयंपुनर्विकास त्याच वाटेनं जाऊ पाहतो: सोसायटीच विकासक, कर्ज सोसायटीच्या नावे, कंत्राटदार नेमलेला, विक्रीतला नफा सभासदांचा. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनं त्यासाठी कर्ज-योजना आणली, राज्य शासनानं १३ सप्टेंबर २०१९ च्या निर्णयानं सवलती जाहीर केल्या, आणि जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जिल्हा व राज्य सहकारी बँकांना निवासी प्रकल्पांना कर्ज देण्याची मुभा दिली, तीही एकूण मालमत्तेच्या पाच टक्क्यांच्या गृहकर्ज-मर्यादेत.

स्वयंपुनर्विकासाच्या बाजूनं मी आहे, पण तो प्रत्येक सोसायटीनं करावा असं म्हणणार नाही. यात कर्जदार तुम्ही असता. भाव उतरला, कंत्राटदार पळाला, तर नुकसान सभासदांचं. अठ्ठेचाळीस जणांतून चार माणसं तरी रोज वेळ देणारी, हिशेब समजणारी आणि एकमेकांवर विश्वास असलेली लागतात. जिथे ती नाहीत तिथे मधला मार्ग आहे: जमीन आणि विक्रीचा हक्क सोसायटीकडे, आणि अनुभवी विकासक ठरलेल्या शुल्कावर काम सांभाळणारा. उद्योगात याला डेव्हलपमेंट मॅनेजमेंट म्हणतात आणि मोठे विकासक एकमेकांसाठी ते नेहमी करतात. सोसायट्यांनी ते फारसं मागितलेलंच नाही.

सर्वांत मोठी उणीव आजही त्या पहिल्या दरीत आहे. जिल्हा व राज्य सहकारी बँकांची मर्यादा पाच टक्क्यांची, व्यापारी बँका सीसीची वाट पाहणाऱ्या, आणि ७९अ ची हमी ऐच्छिक होऊन बसलेली. सरकारला पुनर्विकासात खरोखर काही करायचं असेल तर चटईक्षेत्राचा आणखी एक बोनस जाहीर करण्यापेक्षा दोन कामं हाती घ्यावीत. पहिलं, पाडकामापासून जोत्यापर्यंतच्या टप्प्यासाठी टप्प्यानुसार उतरणारी हमी कायद्यानं सक्तीची करावी आणि ती देणारा एक राज्यस्तरीय हमी-निधी उभा करावा, ज्यात विकासक प्रकल्पामागे शुल्क भरतील. दुसरं, महारेरानं सभासदांच्या भाड्याला प्रकल्पाच्या खात्यातून पहिला क्रमांक द्यावा, आणि ते दोन महिने थकलं की ती नोंद प्रकल्पाच्या पानावर सर्वांना दिसावी. महापालिकेनं पाडकामाची परवानगी देण्याआधी हमीचा आणि भाड्याच्या क्रमाचा, एवढे दोन कागद पाहिले, तरी पुढची पत्राचाळ होण्याची शक्यता बरीच कमी होईल.

तोवर सोसायट्यांना आपल्या परीनं सुरुवात करता येते. निविदेच्या अर्जात कार्पेट, कॉर्पस आणि भाडं या तीन रकान्यांच्या आधी चार रकाने घालावेत: सीसीपर्यंत लागणारी रक्कम किती, ती कुठून येणार, तिचं व्याज किती, आणि दोन वर्षं उशीर झाल्यावर हिशेबात काय उरतं. ज्या विकासकाला ही उत्तरं लेखी देता येत नाहीत, त्याचा देकार पीएमसीनं पडद्यावर आणूच नये.